भिलीत दिलेला शब्द

शीला वसावे बारावी सायन्स पास झाली तेव्हा तिच्या आईने पाड्यात गूळ वाटला होता. मोलगीच्या अलीकडे, डोंगरउतारावर विखुरलेल्या त्या पाड्यात तिच्याआधी एकही मुलगी दहावीपुढे गेली नव्हती. शीलाला नर्स व्हायचं होतं. अर्ज करायला ती नंदुरबारला गेली, तर जातपडताळणीचा दाखला आण म्हणाले. तो हाती येईस्तोवर प्रवेश संपून गेले. पुढच्या वर्षी वडील वारले. मग पोरीने कोयता उचलला आणि आईच्या मागोमाग गुजरातेत ऊसतोडीला गेली. आश्रमशाळेत पाठ केलेली हाडांची नावं ती फडात कधीमधी मनातल्या मनात म्हणून बघायची. हळूहळू एकेक नाव गळत गेलं.

अशात अक्कलकुव्यात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, एका कापडदुकानाच्या माडीवर कौशल्य प्रशिक्षण केंद्राचा बोर्ड लागला. केंद्र चालवणारे निकुंभ सर धुळ्याकडचे. चाळिशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, जिभेवर साखर. त्यांना डोंगरातली एखादी शिकलेली मुलगी हवी होती. शीलाला कुणीतरी निरोप दिला, ती बिचकत माडी चढली. सरांनी आधी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि तिचा बारावीचा निकाल निवांत वाचला. तिच्या आईनंतर तो कागद इतक्या आस्थेने कुणीच हातात धरला नव्हता.

"एवढे गुण, आणि ऊसतोड?" सर म्हणाले. "अशी हुशारी मातीत गेली तर कसं व्हायचं, शीला मॅडम?"

काम असं होतं की शीलाने डोंगरातून पोरी आणायच्या. तीन महिन्यांचा रुग्णसहायकाचा कोर्स, राहणं-जेवणं फुकट, कोर्स संपला की सुरतच्या दवाखान्यात नोकरी. केंद्राला पोरीमागे सरकारचे पैसे मिळतात हेही सरांनी लपवलं नाही. "माणूस शिकवण्यासारखी दुसरी गुंतवणूक नाही," ते म्हणाले. "पण मी शंभर वेळा वर गेलो तरी लोक मला पाणी देतील, पोरी देणार नाहीत. त्यांना तुमच्या तोंडून ऐकायला हवं." आणि ती उठताना, खानदेशी माणूस जवळीक दाखवायला घरच्या बोलीत उतरतो तसे ते अहिराणीत उतरले, "तू ते मन्ही धाकली बहीन शे. काही लागनं ते माले सांगजो."

जिना उतरताना शीलाला वाटलं, आपली बारावी अखेर कुणाच्या तरी उपयोगी पडली.

ते आमचुराचे दिवस होते. घराघरापुढे कैऱ्या सोलून वाळत टाकलेल्या, बायकांच्या बोटांना चीक लागून काळे डाग पडलेले. शीला पाड्यापाड्यांतून हिंडायला लागली. लोक ऐकायचे, माना डोलवायचे आणि म्हणायचे, बघू. तिला कळत होतं की एका घराने हो म्हटलं की बाकीची म्हणतील. म्हणून ती वाहरूमामाकडे गेली.

वाहरू तिच्या आईचा सख्खा भाऊ. कमी बोलणारा, पण पाड्यात त्याच्या शब्दाला वजन. त्याला दोन मुली. थोरली रमिला दहावी होऊन घरी बसलेली, धाकटी मोगी आश्रमशाळेत. रमिला आणि शीला एका अंगणात वाढलेल्या. जत्रेला जाताना एकीची चांदी दुसरीच्या गळ्यात असायची.

"शिकून काय करेल ती?" वाहरूने विचारलं.

शीलाच्या मनात सरांचं मराठी वाक्य होतं, आरोग्य क्षेत्रात रोजगाराची संधी. भिलीत क्षेत्र नाही आणि संधीही नाही. ती म्हणाली, "दवाखान्यात काम करेल, मामा. आजाऱ्याला उठवेल, बसवेल, औषध देईल. चार वर्षं अनुभव घेतला की मोलगीच्या दवाखान्यातही लागेल."

"मी तिथे आजारी पडून गेलो, तर माझ्याशी आपल्या बोलीत बोलणारं कुणी असेल?"

"रमिलाच असेल."

वाहरूने कैरीची साल कोयतीवरून झटकली. "गुजरातेत नेलेल्या पोरींचं काय काय होतं ते आम्ही ऐकलंय. तू शब्द देतेस?"

"देते. याहामोगी मातेची शपथ. मी स्वतः घेऊन जाईन आणि दवाखान्याच्या दारात सोडून येईन."

मामाने मान हलवली. त्यानंतर शीलाला कुठल्याच घरी फार बोलावं लागलं नाही.

कोर्स सुरू झाला तेव्हा पहिला महिना तर शीलाच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला महिना होता. शिकवायला अख्तरबानो सिस्टर होत्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. अक्कलकुव्यात चार पिढ्यांपासून राहणारं त्यांचं घर, अर्ध्या गावाची बाळंतपणं त्यांच्या हातची. त्या पोरींकडून माडीवरच्या पलंगावर माणूस झोपलेला असताना चादर बदलून घ्यायच्या. नाडी बघायला लावायच्या, रक्तदाब मोजायला लावायच्या. चुकलं की म्हणायच्या, "बेटी, हा हात आहे, दोरखंड नाही. हळू." पहिल्या आठवड्यात खाली मान घालून बसणाऱ्या पोरी महिनाअखेर एकमेकींच्या दंडाला पट्टा बांधून आकडे ओरडायला लागल्या. रमिला त्यांत सगळ्यांच्या पुढे. सिस्टर तिच्याकडे बोट दाखवून शीलाला म्हणाल्या, "ही कुठेही निभावून नेईल." शीलाही मागच्या बाकावर बसून शिकायची. गळलेली हाडांची नावं तिला परत आठवू लागली.

पावसाळा ऐन भरात असताना सिस्टर यायच्या बंद झाल्या. शीला त्यांच्या घरी गेली.

"तुझा तो सर मला म्हणाला, एवढं खोलात शिकवू नका, परीक्षेपुरतं सांगा," अख्तरबानो म्हणाल्या. "मी म्हटलं, पेशंट काय परीक्षेपुरता आजारी पडतो? तर हसला. बेटी, मला त्या हसण्याची भीती वाटली. तू जरा डोळे उघडे ठेव."

शीलाने सरांना विचारलं. सर म्हणाले, सिस्टरांचं वय झालंय, चिडचिड होते, दुसऱ्या येतील. दुसऱ्या कुणी आल्या नाहीत. पोरी रोज सकाळी हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवायच्या, दिवसभर माडीवर बसायच्या आणि संध्याकाळी पुन्हा अंगठा ठेवायच्या. शीलाला ते दिसत होतं. पण तिला खुर्ची देणारा तो पहिला माणूस होता आणि त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे ती खुर्चीही खोटी होती असं मानायचं. तेवढं तिच्याने झालं नाही.

शेवटी समारंभ झाला. पांढरे ॲप्रन वाटले, प्रमाणपत्रं वाटली, फोटो निघाले. वाहरू डोंगरातून खाली आला होता. फेटा बांधून पहिल्या रांगेत बसला आणि रमिलाचं नाव पुकारलं तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाला मराठीत म्हणाला, "माझी आहे."

दोन दिवसांनी सुरतेची गाडी दाराशी लागली. शीला पिशवी घेऊन तयार होती. सर म्हणाले, "तू कशाला? तिकडे आपला माणूस आहे. तू पुढच्या तुकडीला लाग, लोक गरम आहेत तोवर."

"सर, मी शब्द दिलाय."

"आणि मी तुला देतोय ना? मन्हा शबदवर भरोसा नही का?"

अहिराणीत म्हणाले ते. शीला पायरीवरून मागे सरली. खिडकीतून रमिलाने हात हलवला.

फोन आला तो गणपती उठल्यावर. रमिला हळू आवाजात बोलत होती. दवाखाना नव्हता. साड्यांचा कारखाना होता. दिवसभर उभं राहून साड्यांच्या घड्या घालायच्या, पुठ्ठा ठेवायचा, पिशवीत भरायच्या. "तू सांगितलेला दवाखाना कुठे आहे, शीले?" तिने विचारलं. रागाने नव्हे. तिला खरंच वाटत होतं की काहीतरी गफलत झाली असेल आणि शीला ती निस्तरेल.

शीलालाही तसंच वाटलं. ती धावत माडी चढली. निकुंभ सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या दिवशी ते एक शब्दही अहिराणीत बोलले नाहीत.

"हे पाहा, मुलींना रोजगार मिळाला आहे. तीन महिने त्या तिथे टिकल्या की आपलं उद्दिष्ट पूर्ण होतं आणि केंद्राला शेवटचा हप्ता मिळतो. तोवर कुणी त्यांना परत आणू नये. तुम्हीही नाही."

"पण त्यांना दवाखान्याचं शिकवलं! दवाखाना सांगितला होता!"

"कुणी सांगितला?" सरांनी शांतपणे विचारलं. "मी रोजगार म्हणालो होतो. दवाखाना तुम्ही म्हणालात, मॅडम. तुमच्या भाषेत. तिकडे जाऊन तुम्ही लोकांना काय काय सांगितलंत ते मला कसं कळणार? मला ती भाषा येते का?"

पहिल्या दिवशी चहाचा कप हातात धरून सर काय म्हणाले होते ते शीलाला अक्षरन्‌अक्षर आठवत होतं. सुरतच्या दवाखान्यात, असंच म्हणाले होते. पण ते ऐकायला या खोलीत ती एकटी होती. डोंगराने मात्र सगळं तिच्या तोंडून ऐकलं होतं. त्या माणसाने आपली साक्ष कुठेच ठेवली नव्हती. त्याचा खोटेपणा तिच्या आवाजात घराघरांत जाऊन बसला होता. ती जिना उतरून खाली आली.

दुसऱ्या दिवशी पहाटेची गुजरातची बस धरून ती सुरतेला गेली. रमिलाने फोनवर पाण्याच्या टाकीची खूण सांगितली होती. विचारत विचारत कारखाना सापडला. जेवणाच्या सुट्टीत मुकादमाने पोरींना फाटकापाशी सोडलं. सगळ्याजणी बाहेर आल्या. त्यांच्या अंगावर ते पांढरे ॲप्रन होते. साड्यांना घामाचे डाग पडू नयेत म्हणून मालकाने ते घालायला लावले होते. पोरी आयते कपडे घेऊन आल्या म्हणून तो खूशही होता.

"चला," शीला म्हणाली. "सामान घ्या. मी न्यायला आलेय."

काही पोरी रडायला लागल्या, काही लगेच वळल्या. रमिला जागची हलली नाही.

"मी येत नाही."

"का गं?"

"बाबाने अख्ख्या पाड्याला सांगितलंय, माझी पोरगी दवाखान्यात आहे. मी कुठल्या तोंडाने परत येऊ?"

"रमिले, मला खरंच माहीत नव्हतं. मला त्याने फसवलं."

"तुला त्याने फसवलं," रमिला म्हणाली. "आम्हाला तू. आम्ही काय त्याला ओळखत होतो? तू आधीच सांगितलं असतंस की साड्या भरायच्या आहेत, तरी मी आले असते. घरी बसून काय करत होते? पण बाबाला खरं सांगून आले असते. मग ते नाडी मोजायला शिकवायचं कशाला? आता इथे शेजारची बाई दमून बसली की माझा हात आपोआप तिच्या मनगटाकडे जातो. मला ते बंद करता येत नाही."

घंटा झाली. रमिला आणि आणखी काहीजणी आत गेल्या. उरलेल्यांना घेऊन शीला परतली. बसमध्ये कुणी तिच्याशेजारी बसलं नाही.

तिला पळून जाता आलं असतं. आई म्हणतही होती, महिनाभर मावशीकडे जा, लोक विसरतील. पण शीला ज्या वाटेने पोरी मागायला गेली होती त्याच वाटेने पुन्हा घराघरात गेली आणि जे झालं ते सांगितलं. कुणी शिव्या दिल्या. एका म्हातारीने तिच्या अंगावर कुत्रं सोडलं. एका घरी चैत्या नावाच्या बापाने तिचं सगळं ऐकून भाकर पुढे केली, आणि ती भाकर तिला शिव्यांपेक्षा जड गेली.

वाहरूमामा शेतात होता. तिने सांगितलं तसा तो बांधावर बसला.

"तू शपथ घेतली होतीस."

"हो, मामा."

"दारापर्यंत जाईन म्हणाली होतीस."

"हो."

"बाहेरचा माणूस असं वागतो, ते आम्हाला ठाऊक आहे," तो म्हणाला. "म्हणून आम्ही बाहेरच्याला विचारलंच नाही. तुला विचारलं."

दिवाळीच्या सुट्टीला घरी आलेल्या मोगीला त्याने आश्रमशाळेत परत पाठवलं नाही. नववीत होती पोर. मग पाड्यातल्या आणखी तीन-चार घरांनी आपापल्या मुली ठेवून घेतल्या. आश्रमशाळेचे मुख्याध्यापक जीपने वर आले, समजावून गेले. लोक त्यांना म्हणाले, "शिकलेल्या पोरी आम्ही बघितल्या. एक फसली आणि एकीने फसवलं." मुख्याध्यापकांनी हे शीलाला तोंडावर सांगितलं. वर्षानुवर्षं हिंडून, पालकांच्या हातापाया पडून त्यांनी त्या पाड्यातून शाळेत पोरी आणल्या होत्या.

शीलाने तक्रार करून पाहिली. तहसीलच्या कचेरीतला कारकून काही वाईट माणूस नव्हता. त्याने अर्ज वाचला आणि गोंधळून विचारलं, "मुलींना नोकरी लागली ना? मग तक्रार कशाची आहे?" तिने पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं. हिवाळा सरता सरता कापडदुकानाच्या माडीवरचा बोर्ड उतरला. निकुंभ सरांनी दुसऱ्या तालुक्यात केंद्र काढलं असं दुकानदार म्हणाला. तिकडच्या एका आदिवासी मुलीला मोबिलायझर, म्हणजे पोरी गोळा करायला, घेतलंय, बारावी झालेली आहे, असंही म्हणाला. शीलाने नाव-गाव शोधून त्या मुलीला फोन लावला. मुलीने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, तुमचं त्यांच्याशी काही वैयक्तिक असेल. सर तसे नाहीत. मला बहीण मानतात." शीलाने फोन ठेवला. त्या मुलीचा तिला राग आला नाही. आपणही असंच बोललो असतो हे तिला पुरतं ठाऊक होतं.

तिला सावरलं ते अख्तरबानोंनी. परत आलेल्या पोरींना घेऊन ये, म्हणाल्या. दर बाजाराच्या दिवशी त्या आपल्या घराच्या ओसरीवर राहिलेलं शिकवू लागल्या. केंद्राने दिलेल्या प्रमाणपत्राकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. सुरुवातीला दोघीच आल्या, मग आणखी एक. त्यांतली एक आता गावातल्या एका छोट्या प्रसूतिगृहात काम करते आणि शीलाही तिथेच लागली आहे. डॉक्टरांना डोंगरातल्या बायकांशी बोलायला कुणीतरी हवं होतं. बाळंतिणीची सासू भिलीत विचारते, माझी सून वाचेल ना? पूर्वीची शीला पटकन हो म्हणाली असती. आता ती आत जाते, डॉक्टरांना विचारते आणि ते जे म्हणतील ते, "डॉक्टर म्हणतात" असं पुढे लावून सांगते. नातेवाइकांना ते कोरडं वाटतं. एकदोघांनी तशी तक्रारही केली.

होळीच्या आधी मोलगीचा बाजार भरला. गुजरातेत पांगलेलं माणूस होळीला डोंगरात परत येतंच. रस्ते जीपांनी फुलले होते, ढोलांची खरेदी चालली होती. शीला आईसाठी डाळ्या-गूळ घेत होती तेव्हा रमिला समोर आली. केस कापलेले, अंगात पंजाबी ड्रेस, हातात मोठा मोबाइल. कारखान्यात आता तिच्या हाताखाली काही बायका होत्या. तिच्या मागे मोगी उभी होती, नवी चप्पल घालून.



"बरी आहेस?" शीलाने विचारलं.

"बरी आहे. पगार वेळेवर देतात," रमिला म्हणाली. "होळी झाली की मोगीला घेऊन जाते माझ्याबरोबर. बाबा हो म्हणाला. या वेळी त्याला सगळं खरं सांगितलंय. काय काम, किती तास, कुठे राहायचं, सगळं."

"अगं, ती लहान आहे अजून. तिला शाळेत बसव पुन्हा. दहावी तरी होऊ दे."

"दहावी मीपण केली," रमिला म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "तू बारावी केलीस. मोगीने दहावी केली, तर काय होईल? तू सांग."

मोगीसुद्धा मान वर करून शीलाकडे बघू लागली. तिला खरंच ऐकायचं होतं. शीलाच्या तोंडात आपल्या बोलीतले शब्द जमून आले होते, मामाच्या अंगणात आले होते तसेच, सोपे आणि गोड. ती ते बोलली नाही. "काय होईल ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "तरी तिला शाळेत घाल."

रमिलाने क्षणभर तिच्याकडे निरखून बघितलं. मग पलीकडून कुणीतरी जीप भरली म्हणून हाक मारली, तिने मोगीचा हात धरला आणि दोघी गर्दीतून जीपकडे गेल्या. मोगीने एकदा वळून बघितलं. शीला गुळाची पिशवी घेऊन तिथेच उभी होती.